शेवटची सोळा पानं

३ जुलै, सोमवार
संकल्प: रोज सकाळी स्वतःची कादंबरी, दुपारी कॉलमसाठी दुसऱ्यांच्या रहस्यकथा. उलटं करायचं नाही. उलटं केलं की शैलीला दुसऱ्याचा वास लागतो.
सकाळी लिहिलं नाही. नदीवरून हिवाळी वारा. अशा थंडीत माँतेव्हिदेओत कुणीच काही चांगलं लिहिलेलं नसणार.

५ जुलै
आलेलं पुस्तक: 'कडू', लेखिका ओर्तेन्सिया लारान्यागा. साल्तोच्या रिटायर्ड डेंटिस्ट. दात काढता काढता कादंबऱ्या काढायला लागल्या. सहाजण गोल बसून माते, म्हणजे आपला रोजचा कडू पत्तीचा काढा, पितात. एकच पेला, एकच नळी, एकच थर्मास. एक मरतो, बाकी पाच ठणठणीत. मेलेला माणूस समीक्षक आहे.
हे मला आवडलेलं नाही.

६ जुलै, संध्याकाळी
शेवट नाही. प्रतीत शेवटचा सोळा पानांचा फॉर्माच बांधलेला नाही. इन्स्पेक्टर उठून उभा राहतो, म्हणतो, विष पेल्यात नव्हतं, आणि पुढे पुठ्ठा.
दुसरी प्रत मागवायला वेळ कुठे? एडिटरला कॉलम आजच हवा. शिवाय अनुभवी समीक्षकाला शेवट वाचावा लागत नाही, वासावरून कळतो. लिहून टाकलं: 'खून कसा झाला हे शेंबड्या पोरालाही कळेल.' कणखर वाक्य आहे.

११ जुलै
प्रकाशक एचार्तचा फोन. माझी कादंबरी 'धुक्यातला हात' (चौथी, आधीच्या तीन मुरताहेत) त्यांना बरी वाटली म्हणाले. बरी! मी टेबलाला धरून उभा राहिलो. पुढे म्हणाले, आमच्याकडे शेवटचा शब्द आमच्या वाचक बाईंचा असतो. डोन्या ओर्तेन्सिया. त्यांना हस्तलिखित पाठवलंय, त्या हो म्हणाल्या की छापतो.
मी म्हणालो, वा.
'कडू'वाल्याच त्या बाई.

१३ जुलै
घाबरलेलो नाही. फक्त विचार करतोय. बाईंनी माझा कॉलम वाचला असेल का? साल्तोला आपला पेपर उशिरा पोचतो. बहुधा पोचतच नाही.

१४ जुलै
पोचतो. साल्तोहून पार्सल: मातेची पत्ती, अर्धा किलो. सोबत चिठ्ठी: तुमचा कॉलम वाचून फार हसले, लवकरच भेटू.
हसले?
डबा कपाटात वर ठेवला. ही भीती नव्हे, खबरदारी आहे.

१५ जुलै, सकाळी ९
नेलिदाने डबा खाली काढला आणि पाणी तापत ठेवलं. थांबवावं वाटलं, पण का ते सांगावं लागलं असतं, आणि बायकोसमोर समीक्षकाची अब्रू जाते. तिने पेला पुढे केला. पित्त झालंय म्हणालो.
दुपारी १. नेलिदा ठीक. काय टक लावून बघतोयस, म्हणाली.
संध्याकाळी ७. अजून ठीक. पण सावकाश भिनणारी विषं असतात. डेंटिस्टना ठाऊक असतात. 'धुक्यातला हात'मध्ये मीच एक वापरलंय.

१७ जुलै
शेवट कळायलाच हवा. खून कसा झाला ते कळलं की काय टाळायचं तेही कळेल.
पुस्तकाच्या दुकानात गेलो. 'कडू'च्या सगळ्या प्रती प्लास्टिकमध्ये गुंडाळलेल्या. नखाने कोपरा उचकटत होतो तेवढ्यात मालक मागे येऊन उभा. काय हो, म्हणाला, फुकट आलेलं पुस्तक विकत घेताय? कव्हर बघतोय म्हणालो.

१८ जुलै
मेव्हणीने 'कडू' वाचलंय. सहज विचारल्यासारखं करून विचारलं, शेवट कसा वाटला. ती म्हणाली, रहस्यकथेचा शेवट कुणी कुणाला सांगतं का? आणि तुला कशाला हवाय, तूच ना लिहिलंस, शेंबड्या पोराला कळतं म्हणून?
या देशात रहस्यकथेचे वाचक फार संस्कारी झालेत.

२१ जुलै
एचार्त म्हणाले, डोन्या ओर्तेन्सिया शहरात आल्यात, रविवारी तुमच्याकडे येतील. हस्तलिखिताबद्दल समोरासमोरच बोलायचंय म्हणतात.
समोरासमोर का? नेलिदाला म्हटलं, आपण रविवारी बाहेरगावी जाऊ. ती म्हणाली, वीस वर्षं या एका निरोपाची वाट बघतोयस, आणि आता पळतोस? मी केक करते.
खरं आहे. ही कादंबरी छापली गेली नाही तर मी जन्मभर दुसऱ्यांच्या पुस्तकांवरच गुरगुरत बसणार. रात्रभर हात गार होते. थंडी असावी.

२३ जुलै, रविवार
आल्या. ठेंगण्या, हसऱ्या, काखेत थर्मास. बसल्या त्या माझ्या दातांकडेच बघत. तोंड मिटून हसलो.
बाईंनी पत्ती भरली, नळी खोचली, पाणी ओतलं. पहिला पेला ओतणाऱ्याने स्वतः प्यायचा, हे इथे दुधाचे दात न पडलेल्यालाही माहीत असतं. बाईंनी पहिला पेला माझ्यापुढे धरला. 'कडू'मध्ये त्या समीक्षकाला असाच पहिला पेला मिळतो.
माझ्या तोंडून निघालं, आभारी आहे.
दोघीही माझ्याकडे बघायला लागल्या. मातेच्या बैठकीत आभार मानणं म्हणजे पुरे, आता नको. नेलिदा म्हणाली, अरे, तू अजून ओठसुद्धा लावला नाहीस. कपाळावरून घाम ओघळला, या थंडीत.
बाईंनी पेला परत घेतला आणि स्वतः सुर्रकन संपवला. म्हणाल्या, बाळा, पेपरांना पाठवलेल्या सगळ्याच प्रतींत शेवटचा फॉर्मा राहिला होता. बाकीच्यांनी फोन करून पानं मागवून घेतली. तुझाच फोन आला नाही. मग म्हटलं, आपणच नेऊन द्यावीत.
आणि पर्समधून पानं काढून केकच्या बशीशेजारी ठेवली.
मी विचारलं, माझ्या कादंबरीचं काय. त्या म्हणाल्या, ते एचार्तच सांगेल. मी मात्र शेवटपर्यंत वाचली हो.
नेलिदा दिवसभर माझ्याशी बोलली नाही. मधूनच एकटीच हसत होती.

२४ जुलै, सोमवार
पानं वाचली. विष पेल्यात नव्हतं, थर्मासमध्ये नव्हतं, नळीतही नव्हतं. विष नव्हतंच. पहिला पेला हातात आल्यावर समीक्षक भीतीने मेला.
दुपारी एचार्तचा फोन. छापताहेत. मी नेलिदाला ओरडून सांगितलं. पुढे म्हणाले, डोन्या ओर्तेन्सियांची अट एकच: शेवटची सोळा पानं काढून टाकायची.
मी म्हणालो, अहो, त्याच पानांत खुनी कोण ते आहे. मग वाचकाला कळणार कसं?
एचार्त म्हणाले, मीही बाईंना हेच विचारलं. त्या म्हणाल्या, काळजी नको, शेंबड्या पोरालाही कळेल.
मी आभार मानले.