हाक मारली म्हणून गेलेला पॉइंट

प्रिय बाबा,

काल अर्विंगला रेवाची केंडोची टूर्नामेंट होती. तिने मिळवलेला पॉइंट पंचांनी काढून घेतला, तोही तुमच्यामुळे! तुम्हाला जाऊन आता सहा महिने होतील, पण हे भांडण दुसऱ्या कुणाशी करता येणार नाही. म्हणून लिहितेय.

तुम्हीच तर हे खूळ घरात आणलंत. रिटायर झाल्यावर आपल्या शुगर लँड गावातले बाकीचे काका गोल्फ खेळायला लागले आणि तुम्ही लायब्ररीतून सामुराईंची पुस्तकं आणायला लागलात. मग नातीला या केंडोच्या, बांबूच्या तलवारीच्या क्लासला घातलंत. दर शनिवारी मी गाडी चालवायचे आणि तुम्ही मागे तिच्या शेजारी बसून इतिहास सांगायचात.

"अगं, दोनशे वर्षांहून जास्त शांतता होती सामुराईंच्या देशात! हे मोठे लढवय्ये कचेरीत बसून कागद लिहायचे. शौर्याचे नियम नीट लिहून काढले तेही लढाया थांबल्यावर. त्याआधी ऐनवेळी पक्ष बदलणारेही कमी नव्हते."

पुढे सरकारने तो वर्गच मोडीत काढला, कमरेला तलवार लावायलाही बंदी आली. "मग उरलं काय, आजोबा?" रेवाने विचारलं होतं.

"वागणं," तुम्ही म्हणालात.

तर काल तिने समोरच्या मुलीच्या शिरस्त्राणावर असा स्वच्छ वार केला की पंचांचे झेंडे एकदम वर गेले. तुम्ही असतात तर खुर्चीवरून उठला असतात. आणि आमची बाई गर्रकन वळली, माझ्या शेजारच्या रिकाम्या खुर्चीकडे बघत तिने तलवार उंचावली आणि ओरडली, "आजोबा!"

पंच मध्यभागी येऊन काही बोलले. पॉइंट रद्द! वार लागल्यावर आनंद दाखवायचा नाही, हा नियम तुम्हीच मला समजावला होतात. पण हा आनंद होता का हो, बाबा? ती मॅच हरली. वाकून नमस्कार केला आणि शांतपणे बाहेर आली. तिचा तो कोरा चेहरा मला बघवेना. तो मी आधी पाहिला होता.

मागच्या उन्हाळ्यात तुमचा चेहरा असाच असायचा. पोटात दुखत होतं आणि तुम्ही "अ‍ॅसिडिटी आहे" म्हणत राहिलात. आपल्या रस्त्यावरची निम्मी माणसं डॉक्टर आहेत! जेवताना एकदा तुमचा हात थांबला, मी विचारलं, तर हसून म्हणालात, "सामुराई कण्हत नाही, वृंदा." कळलं तेव्हा कुणाच्याच हातात काही उरलं नव्हतं. मला सांगितलं असतंत तर काय बिघडलं असतं? अजून राग येतो मला. फार राग येतो.

तो सगळा काल गाडीत बाहेर पडला. "पुढच्या शनिवारपासून क्लास कॅन्सल," मी म्हटलं. "दुखलं तरी गप्प बसायचं, माणूस गेलं तरी गप्प बसायचं. असलं काही शिकायचं नाहीये आपल्याला."

रेवा खिडकीबाहेरून नजर काढून माझ्याकडे वळली. मग म्हणाली, "आई, तो रूल रडण्याबद्दल नाहीये. ती दुसरी मुलगी तिथेच उभी होती ना? शी हॅड जस्ट बीन हिट. आजोबा म्हणायचे, तिच्यासमोर नाचायचं नाही. दॅट्स इट."

"मग आजोबांनी दुखणं का लपवलं?"

"दॅट वॉज नॉट सामुराई, आई. दॅट वॉज जस्ट आजोबा."

मला हसू फुटलं, आणि लगेच रडू. एका गॅस स्टेशनवर गाडी बाजूला घेतली. मग तिलाही रडू कोसळलं, तुम्ही गेल्यापासून पहिल्यांदा. इतके दिवस मला वाटायचं, पोर किती खंबीर आहे!

आज सकाळी ती लंगडत किचनमध्ये आली. एरवी "आय अ‍ॅम फाइन" म्हणून निघून जाते. आज स्वतःहून म्हणाली, "आई, गुडघा खूप दुखतोय." मी बर्फ लावला. ती चांगली मोठ्याने विव्हळली, आणि खरं सांगू, मला बरं वाटलं.

तेव्हा बाबा, तुम्हाला शब्द देते. शनिवारचा क्लास बंद होणार नाही, मी नेत राहीन तिला. हरलेल्यासमोर ती नाचणार नाही. पण या घरात यापुढे कुणीही दुखणं गिळून बसणार नाही. तुमचं बाकी सगळं आम्ही ठेवू, एवढं एक तुमच्याबरोबर गेलं असं समजा.

तुमच्यावर रागावलेली, तुमचीच,
वृंदा