‘खाली’ची फळी

सोमवार
पोचले एकदाची! शहर देखणं आहे, पण सगळं चढउताराचं. माझे गुडघे बोलायला लागले. घरमालकीण तोंडाने गोड. तिचा जावई जुन्या खाणीत गाइड आहे, इतका टापटिपीचा की माझ्या चपलासुद्धा त्याने सरळ करून ठेवल्या. लेकीला फोन केला, शुक्रवारी परतते म्हणून.

बाबा इथेच खाणीत कामाला होते. मी चार वर्षांची असताना पत्र आलं : तुमचा नवरा सुखरूप वर आला आणि शहर सोडून गेला. आई मरेपर्यंत ‘टाकलेली’ म्हणून जगली. खरं काय ते ऐकूनच जाणार.

मंगळवार
खाणीच्या तोंडाशी दोन फळ्या आहेत. उतरताना कामगार आपला पितळी बिल्ला ‘खाली’च्या फळीवर अडकवायचा, परतला की ‘वर’च्या. ‘खाली’ची फळी रिकामी झाली की घंटा, मग दार बंद. खाण बंद पडली तरी पर्यटकांसाठी अजूनही रोज तसंच करतात. पन्नास वर्षांपूर्वी आत आग लागली तेव्हा फळी रिकामी होती, म्हणून फळ्यांसमोरचा बोगदा विटांनी बुजवला, असं जावई अभिमानाने सांगत होता.

दिवे पुसणाऱ्या म्हाताऱ्याने मला बाजूला घेतलं. "बाई, बिल्ले खाणीच्या साहेबांनी ‘वर’ हलवले. माझ्या डोळ्यांदेखत. माणसं आतच होती."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. बाबांचा एकशे सतरा नंबर, त्या पत्रावर होता तोच, ‘वर’ चमकत होता. काढला आणि ‘खाली’ अडकवला.

लगेच विटांमागून ठोका आला.

बुधवार
जावयाने बिल्ला पुन्हा वर नेला होता. म्हणतो, जुन्या वस्तूंना हात लावू नका. वस्तू? माझा बाप आहे तो! नाही नाही ते बोलले. तो वळताच पुन्हा ‘खाली’ अडकवला. ठोके सुरू. म्हातारा हात जोडत होता, बिल्ला खाली लटकला की खाली माणूस लागतंच. मग आहेच की, पन्नास वर्षं!

तळाच्या दोन विटा हलतात. रुमालावर काजळी, माझ्याच नाकातली.

गुरुवार
भिंतीला भगदाड. विटा आतून ढकललेल्या — टॉर्च आणि ही वही घेतली. हाडं का होईना, बाहेर आणणार. बघते कोण म्हणतं पळून गेला —

आत. बूट आहेत, ओळीने. माणसं नाहीत. ठोका पुढे पुढे सरकतोय —

मागे वळले. भिंत पूर्ववत.

घंटा. म्हणजे जावयाने बिल्ला वर — सगळं कसं जागच्या जागी, मेल्याला —

ओरडले. घसा फुटला. पलीकडे तो कुणाला तरी सांगतोय, सगळे सुखरूप वर आले —

नाही! मी खाली आहे. माझ्या लेकीला सांगा, मी कुठेही गेले ना