वाल सोलताना ऐकलेली गोष्ट

आई, कादंबरीचं शेवटचं प्रकरण घेऊन मी सकाळपासून बसले आहे आणि ते झाल्याशिवाय उठणार नाही. संपादकांचं म्हणणं, बापाने मरताना मुलीला माफ करावं, वाचकाला बरं वाटतं. मी फोनवर त्यांना स्पष्ट नाही म्हणून सांगितलं. फोन ठेवला आणि प्रकरणाआधी तुलाच लिहायला घेतलं.

तू जाऊन इतकी वर्षं झाली, तरी लिहिताना मी पेणच्या स्वयंपाकघरातच असते. रोह्याहून माहेरी यायचे ती बाबा कामावर असतानाच, कारण मी माझ्या मनाने लग्न केल्यापासून ते माझ्याशी बोलत नव्हते. तू मोड आलेले वाल कोमट पाण्यात घालून बसायचीस आणि म्हणायचीस, वाच गो. मी वाचते आहे, तू सोलते आहेस. गोष्ट पकड घेत नसली की तुझे हात भराभर चालतात, रंगली की बोटांतला वाल तसाच राहतो. इतकं सरळ मला पुढे कुठल्याच संपादकाने काही दाखवलं नाही.

बाबांवरची पहिली कथा वाचली तेव्हा मात्र सगळे वाल सोलून संपले. तिच्यात बाप पहिल्यापासून शेवटपर्यंत ओरडत होता आणि मुलगी रडत होती. मी तुझ्या तोंडाकडे बघत राहिले. तू सालं गोळा केलीस आणि म्हणालीस, "सगळं तूच रडून घेतलंस गो. मला काय ठेवलंस? आणि तो बाप नुसता ओरडतोच हाय. बाकीचा दिवस काय करतो तो?"

मी भयंकर चिडले. तू नवऱ्याचीच बाजू घेणार असं म्हणाले आणि त्या वालांचं बिरडं न खाताच एसटी पकडली. नागोठणं गेलं तरी मनातल्या मनात तुझ्याशी भांडत होते. रोह्याच्या स्टँडवर उतरले, तर धाटावच्या केमिकल कंपन्यांची शिफ्ट सुटून माणसं आली होती, कपड्यांना बाबांच्या कपड्यांना यायचा तोच वास. बाबा घरी आले की साबणाने हात धुवायचे, हुंगायचे, पुन्हा धुवायचे आणि मगच मला उचलून घ्यायचे. हे मी विसरले नव्हते. कथेत अडचण नको म्हणून बाहेर ठेवलं होतं.

मग ते आत घेतलं. ओरडणं एकाच जागी ठेवलं, मुलीचं रडणं काढून टाकलं. पुढच्या खेपेला ऐकता ऐकता तू सोललेला वाल सालांत टाकलास. शाबासकी नाहीच. "व्हय, आता तुझ्या बाबांसारखा दिसतो," एवढंच म्हणालीस. आज नवीन लिहिणारी मुलं विचारतात तेव्हा मी हेच सांगते, की ज्याचा राग आहे त्याचा उरलेला दिवस शोधा, आणि रडायचं वाचणाऱ्यावर सोडा.

बाबा शेवटपर्यंत बोलले नाहीत. दवाखान्यात मी उशाशी होते आणि ते भिंतीकडे तोंड करून पडले होते. कादंबरीतही ते तसेच राहतील, मी ठरवलं आहे. पेणच्या पत्त्यावर आता कोणी नाही, तेव्हा हे पत्र इथेच राहील. फक्त तुला म्हणून सांगते, संपादकांना नाही म्हटलं खरं, पण त्या पानावर बाबांनी एकदा वळून नुसतं "आलीस?" म्हणावं असं मलाही फार वाटतं.