ब्रेकमधला फोन

शनि. ५ जुलै
आज खून झालाच नाही. मालिकेचा सगळा भाग इन्स्पेक्टर घोडकेंच्या स्वप्नात गेला. बर्फ, वारा, गुलाबी साडी. पूर्वी हाच माणूस चपलेच्या चिखलावरून गाव सांगायचा!
पहिल्या ब्रेकला संकेश्वरला फोन लावला. आत्यांनी लगेच उचलला.
“विजे, ह्या घोडक्याला काय झालंय गं?”
“पुढच्या शनवारी खून हुतोय बघा, आत्या.”
“झाला तर बरं.”
जाहिराती संपल्या. फोन ठेवला. बाकी आठवडा गिऱ्हाइकांशी बाही केवढी, गळा केवढा, एवढंच बोलणं.

सोम. ७ जुलै
ब्लाउज न्यायला आलेली एक बाई म्हणाली, “तुमचं मोडलंय न्हवं? मग संकेश्वरच्या सासूला फोन कशाला?” हसले, पिशवी दिली. सासूला मी अजून आत्याच म्हणते.
काडीमोड होऊन तीन वर्षं झाली. रघूनं दुसरं लग्न केलं, प्राची त्या घरात आली. मी निपाणीत ही माडीवरची खोली घेतली. इथल्या पहिल्याच शनिवारी ब्रेकला आत्यांचा फोन आलता. कशी आहेस नाही, काही नाही. “खुनी कोण वाटतोय?”
तेव्हापासनं असंच चाललंय. रघूचं नाव दोघीही घेत नाही.

बुध. ९ जुलै
हाताला काम, डोक्यात जुनं.
संकेश्वरला असताना रघूची कारखान्यात पाळी असली की आम्ही दोघी दाराला कडी लावून हीच मालिका बघत बसायचो. मधे भाजलेल्या शेंगा. शेवटच्या ब्रेकच्या आत खुनी सांगायचा. आत्यांचं ठरलेलं, “जो लई रडतोय त्योच.” आणि निम्म्या वेळा तोच निघायचा.
कोर्टात रघू लई रडला. आत्यांनी त्याच्याकडं नाही, माझ्याकडं बघितलं. आणि आम्हा दोघींना हसू यायला लागलं. असल्या जागी! मी पदर तोंडाला लावला. लोकांना वाटलं, मी पण रडतेय.

शनि. १२ जुलै
घोडकेंचं लग्न ठरलं. सगळा भाग मेंदी. हवालदार नाचले. एक मुडदा सापडला होता मागच्या महिन्यात, त्याचं काय झालं कुणी विचारेना.
आत्यांनी फोन उचलला नाही. दुसऱ्या ब्रेकलाही नाही.

रवि. १३
सकाळी आत्यांचा फोन. “पाव्हणे आलते गं.” घाईत होत्या. मालिकेचं काहीच बोलल्या नाहीत.

शनि. १९ जुलै
आज उचलला.
“बघितलासा?”
“बघितला की. लई झ्याक.”
“मग खुनी कोण?”
“त्यो... डायव्हरच असणार.”
आजच्या भागात डायव्हर नव्हताच. हळदीचा कार्यक्रम होता. मागनं गाण्याच्या स्पर्धेचा आवाज येत होता, आणि प्राची म्हणाली, “आत्या, ह्या पोरीचा आवाज ऐका, या!” तीही आत्याच म्हणते. म्हणणारच.
“व्हय, डायव्हरच,” म्हटलं आणि ठेवला.
खोटं पकडल्यावर घोडके टेबलावर हात आपटायचे. मला काही आपटावंसं वाटलं नाही.

मंगळ. २९, नागपंचमी
खालच्या मालकीणबाईंच्या लेकी माहेरी आल्यात. जिन्यात बांगड्यांचा आवाज. मला बोलावलं होतं, काम आहे म्हणून गेले नाही. काम नव्हतं. सणाचे सगळे ब्लाउज कालच गेलेत.
मालकीणबाई जैन, त्यांच्याकडं दिवस मावळायच्या आत जेवणं उरकतात. मग खाली सगळं शांत. मी टीव्ही लावून भाकरी खाल्ली. काय लागलं होतं ते आत्ता आठवेना.

शनि. २ ऑगस्ट
घोडके मेले. दहा मिनिटांत त्यांचा जुळा भाऊ आला. मिशी तेवढी नाही. बायको त्यालाच कुंकू लावतेय!
टीव्हीकडं बघून मोठ्यानं बोलले, लाज वाटत नाही काय? खोलीत आपलाच आवाज असा आला, की बंदच केला.
ब्रेकची वेळ झाली तसा हात मोबाईलकडं गेला. कशाबद्दल बोलायचं?
खरं लिहायचं तर मलाही ही मालिका कधीपासनं आवडत नाही. ब्रेक होतात म्हणून लावत होते.

गुरु. ७ ऑगस्ट
ह्या शनिवारी शेवटचा भाग, अशी जाहिरात. तीन वेळा दाखवली. एवढी कसली हौस.
आत्यांना कळवावं काय? त्यांनी मागेच सोडलीय. पण सोडली हे मला ठाऊक आहे, हे त्यांना ठाऊक नाही.

शनि. ९
संपली. खुनी कोण तेही नीट सांगितलं नाही. फोन केला नाही. आला नाही.

शनि. १६ ऑगस्ट
आठ वाजले. त्या वेळेला आता नवी हसायची मालिका सुरू झालीय. लावली नाही. अस्तर कापायला घेतलं, वाकडं कापलं.
लावलाच फोन. प्राचीनं उचलला.
“कोण बोलतंय?”
नातं काय सांगायचं? “निपाणीची विजू,” म्हटलं.
वाटलं, ठेवणार. मग तिनं तिकडचा टीव्ही बारीक केला. “थांबा, देते. आत्या, फोन.”
“हं, विजे. काय लागलंय गं आज?”
“आज काय न्हाय, आत्या. संपली ती.”
“संपली?”
“गेल्या शनवारी.”
त्या प्राचीला म्हणाल्या, “तू बघ, मी आत बसते.” दार ओढल्याचा आवाज आला. खाट वाजली.
“एकटीच असतीस न्हवं अजून?”
तीन वर्षांत पहिल्यांदाच विचारलं.
“व्हय.”
तिकडं खाट परत वाजली. मी वाकड्या अस्तराची घडी घालत बसले. फोन ठेवते असं त्या म्हणाल्या नाहीत, आणि मी पण नाही.