वारा पाठीमागूनच हवा

३ मार्च, सोमवार
गच्चीत पडलेलं घारीचं पिल्लू बायकोने दोन आठवड्यांपूर्वी घरात आणलं. मला विचारायची पद्धत आमच्याकडे नाही. पंख आता बरा झालाय, पण साहेब उडत नाहीत. पक्ष्यांची डॉक्टरीण म्हणाली, रविवारपर्यंत उडालं नाही तर पंखांतला जोर जाईल, मग जन्मभर पिंजरा. हिचे डोळे भरले. मी सांगून टाकलं, मी उडवतो. बावीस वर्षं पंखे विकतोय. या घरात वाऱ्यातलं कोणाला काय कळतं?

४ मार्च, सकाळी ६.१०
ट्रेनिंग सुरू. पिल्लू टाकीच्या ओट्यावर, पाठीशी टेबल फॅन, दोन नंबरवर. साधा हिशेब आहे. मागून धक्का बसला की माणूससुद्धा पुढे जातो. पिल्लाची पिसं उलटी झाली आणि ते वळून पंख्याकडे तोंड करून बसलं. मी फिरवलं. ते परत वळलं. असं एकोणीस वेळा. मठ्ठ आहे.

५ मार्च
डॉक्टरणीला फोन. म्हणे, पिसांच्या मुळाशी केसांसारखी बारीक पिसं असतात, वारा कुठून येतो ते त्यांनी कळतं. मला टक्कल आहे, तरी कळतं. उडताना वारा समोरून हवा, असंही सुरू केलं तिने. मी फोन ठेवला. डिग्री मिळाली म्हणून अक्कल येत नाही.

६ मार्च
सासूबाई चादरी वाळत घालायला गच्चीत आल्या. म्हणाल्या, जावईबापू, तारेवरचे कावळे बघा, सगळ्यांची तोंडं वाऱ्याकडे. त्यावरूनच मी चिमटे कुठे लावायचे ते ठरवते. घ्या! कावळे यांचे गुरू! एकाने तोंड फिरवलं की सगळे फिरवतात, आमच्या दुकानातल्या सेल्समनसारखे. यांना काय समजावणार? गाढवापुढे वाचली गीता.
लिफ्टमध्ये नोटीस लावली: रविवारी सकाळी आठ, घारीचं उड्डाण. मार्गदर्शक मी.

७ मार्च
दुकानातून स्टँड फॅन आणला. दोन्ही पंखे फुल स्पीडवर. पिल्लू तोंडावर आपटलं. उचलायला गेलो तर अंगठ्याला चोच मारली. उपकाराची जाण म्हणून नाही! आणि मांसाचे तुकडे खाणार मात्र माझ्याच हातचे. बायकोने दिले तर मान फिरवतं. लायकी नाही, तरी भरवतो.
तो पिंजरा सारखा डोळ्यांपुढे येतोय. झोप नाही. उकाड्यामुळे.

८ मार्च, शनिवार, दुपारी १.३०
टेबल फॅन एक नंबरवर ठेवून दुकानात गेलो, मोठा एक्झॉस्ट फॅन आणायला. खांद्यावर घेऊन चार मजले चढलो (लिफ्ट बंद, कारण नशीब). वर अख्खी बिल्डिंग टाळ्या वाजवतेय. सासूबाईंच्या चादरी पंख्यात अडकत होत्या, म्हणून त्यांनी प्लग काढला. बस, एवढंच केलं! पिल्लू आपणहून खऱ्या वाऱ्याकडे वळलं, पंख नुसते उघडले आणि वर उचललं गेलं. एकदाही फडफड नाही म्हणे. बायको एकाच वेळी हसत होती आणि रडत होती. सासूबाईंना सगळे नमस्कार करत होते. पाच दिवस पाया कोणी घातला, हे कोणी विचारलं नाही. कळस दिसतो लोकांना.
तळमजल्यावरच्या शिंप्याने मला विचारलं, हा पंखा कशाला?

९ मार्च, रविवार, सकाळी ८
नोटीस काढायची राहिली होती. कोणी आलं नाही. मी आणि एक्झॉस्ट फॅन. मांसाचे तुकडे वाटीत घेऊन गेलो होतो, सहज.
८.२० ला ती घार आली. टाकीच्या पाइपवर बसली, दहा फुटांवर. वाटी पुढे केली. हाक मारली. दोनदा. ती माझ्याकडे पाठ करून बसली.
वारा तिच्या समोरून येत होता. म्हणूनच. दुसरं काही कारण नाही.