आबांनी उभं केलेलं सोयाबीन

चोपडा

ती. नानांना आणि सौ. आईला कामिनीचा नमस्कार.

नाना, तुमचा गुडघा जिना चढू देतो की अजून रुसलेलाच आहे? गुडघ्याला लावायचं तेल तुम्ही खिचडीवर ओतून घेता, अशी आईची तक्रार आली आहे. इकडे सगळे मजेत. (हे वाक्य पत्रात लिहावंच लागतं.)

तुम्ही पाहुण्यांना ‘पोरगी सोयाबीनमध्ये पीएचडी करते’ एवढंच सांगून विषय बदलता, म्हणून जरा सविस्तर लिहिते. शेंगा भरल्या आणि वारा सुटला की सोयाबीन आडवं होतं, शेंगा चिखलात. न लोळणारं वाण मिळावं म्हणून मी एका बुटक्या, जाड खोडाच्या, पण शेंगांना कंजूष वाणाची सोयरीक एका उंच, लेकुरवाळ्या, पण फुंकरीने झोपणाऱ्या वाणाशी जुळवली. (फूल एवढंसं, की चिमट्याने लग्न लावताना माझीच मान आखडली.) त्यांची नातवंडं-पतवंडं आता वावरात आहेत, प्रत्येक कुळाची एक ओळ, आणि ताडून बघायला मूळ आईबापांचीही. एकाच जनुकाचं काम असतं तर मी केव्हाच सुटले असते. पण उभं राहण्याचा गुण अनेक जनुकांनी वाटून घेतलाय. थोडा खोडात, थोडा उंचीत, थोडा मुळांत. कोणाच्या वाट्याला किती आला ते तोंडावरून कळत नाही. वाऱ्याने पाडून दाखवावं लागतं, मग कोण किती पडलं ते बघून मी गुण देते. वादळाची वाट बघणारी शेतकऱ्याच्या घरातली सून मी एकटीच असेन.

कॉलेजच्या शेताखेरीज आणखी एका जागी प्रयोग हवा होता. आबांनी, म्हणजे सासऱ्यांनी, केळी काढलेलं वावर लगेच दिलं. गेल्या आठवड्यात मी माझ्या गाईड सरांकडे चार दिवसांच्या बैठकीला जाताना त्यांना म्हटलं, “आबा, झाडं पडली की लगेच कळवा.” आणि नेमकं वादळ आलं, तेही मला बातम्यांतून कळलं. घरून कळवलं कोणीच नाही. बैठक आटोपून धावतपळत परत आले तर काय, सगळं वावर ताठ! वाऱ्याचं नाव ऐकून झोपणारा तो उंच बापसुद्धा उभा. मी बांधावरूनच सरांना फोन लावला. सर पेढ्यांचं बोलू लागले. फोन ठेवून जवळ गेले, तर झाडाझाडाला कपाशीच्या पऱ्हाटीची काडी, आणि केळीच्या सोपटाच्या, म्हणजे वाळल्या सालीच्या, दोरीची हळुवार गाठ.

आबांची हयात केळीत गेली. घडाने झाड वाकलं की टेका द्यायचा, हे त्यांच्या हातालाच ठाऊक. पडलेल्या पिकाला नुसते गुण द्यायचे, हे कोणत्या शेतकऱ्याला सुचेल? कंबर धरून मोठ्या कौतुकाने म्हणाले, “पोरी, बठ्ठं पडी जायेल व्हतं. तुन्ही मेहनत मातीमा कशी जाऊ देऊ? आते देख, उभं शे!”

मी काही बोलणार नव्हते, पण माझं तोंड बघूनच त्यांनी ओळखलं. मग सगळं सांगावं लागलं. एका गाठीला हात घालून ते हळूच म्हणाले, “सोडी देऊ का? परत पडी जाई.” नाना, मला हसूही आलं आणि रडूही. कोण किती पडलं होतं, ते आता त्या वाऱ्यालाच माहीत. दोन्ही जागांचे गुण लागतात, त्यामुळे माझं वर्ष गेलं. सरांना पुन्हा फोन केला, तर म्हणाले, बियाणं शाबूत आहे ना, पुढच्या खरिपात पुन्हा पेर. पेरेन.

बाकी ठीक. आईला सांभाळा.

तुमची,
कामिनी

ता.क. फोन केला नाही, कारण आबा सारखे ओसरीवरच बसलेले असतात आणि सगळं ऐकू जातं. वावरात जात नाहीत, ताटावरून तसेच उठतात. घरात त्यांना कोणीच रागावत नाही, हाच त्यांना जाच झालाय. सासूबाई “असू द्या” म्हणतात, तुमचे जावई “होतं असं” म्हणतात. मी मनाचा हिय्या करून रागवायला गेले, तर तोंडातून “आबा, चहा टाकू?” एवढंच निघालं. रविवारी केळी देण्याच्या निमित्ताने त्यांना तुमच्याकडे धाडते. मुलीच्या बापाने व्याह्याला बोलणं आपल्यात बसत नाही, ठाऊक आहे. तरी धुळ्याच्या स्टँडवर कंट्रोलर असताना ड्रायव्हरांना झापायचात, तसं त्यांना एकदा झापा. मी सांगितलं असं म्हणू नका.

आणखी एक. फार झापू नका. आणि झापून झालं की आईला लगेच ताट वाढायला सांगा. ते पोटभर जेवले की मला फोन करा, म्हणजे मीही जेवेन.