आगाऊ टाळ्या

अप्पा, काल टीव्हीवर एक कोटवाला पत्रकार मंत्र्याला विचारत होता, "साहेब, एवढं काम करून थकत नाही का?" आणि मला तुमची आठवण आली. चांगली नव्हे.

दुष्काळाचं साल. श्रीरामपुरातला आपला छापखाना. मी छपाईचे खिळे जुळवतेय आणि तुम्ही उद्याच्या सभेची बातमी आजच सांगताय. मंत्र्याचं भाषण साखर कारखान्याच्या चेअरमनसाहेबांकडून आधीच आलेलं; टाळ्या तुम्ही पदरच्या घालायच्या. पक्ष फुटलेला, म्हणून गावात साप्ताहिकंही दोन. पलीकडच्या गल्लीतला संपादक दुसऱ्या गटाच्या वतीने शिव्या छापायचा. "तो शिव्या विकतो, मी आरत्या," असं तुम्ही हसत सांगायचात. लाज दोघांनीही कोळून प्यायली होती.

बाजाराच्या दिवशी सकाळीच अंक वाटला गेला: दुष्काळी कामावर मंत्र्यांचं जंगी स्वागत, पाण्याची चोख सोय पाहून समाधान, टाळ्यांचा कडकडाट. दुपारी खडी फोडणाऱ्या बायकांनी रिकाम्या घागरी रस्त्यात मांडून गाडी अडवली. मंत्री काच वर करून माघारी वळले. संध्याकाळी त्यातलीच एक बाई, बोटांना चिंध्या बांधलेली, अंक घेऊन छापखान्यात आली.

"मालक, आमी टाळ्या कवा वाजवल्या? कामावर प्यायला पानी न्हाई. तेवढं छापा, म्हंजी टँकर तरी यील."

तुम्ही मान वर केली नाहीत. "बाई, छापलंय ना? मग वाजवल्या."

ती गेल्यावर मी तिचं वाक्य जुळवलं. तुम्ही ते माझ्यादेखत मोडलंत. पलीकडच्याने घागरी छापल्या, पण मंत्र्याची फजिती म्हणून. पाण्याचं नाव नाही. टँकर आला नाही. बायका डबक्यातलं पीत राहिल्या आणि तुम्हाला चेअरमनसाहेबांच्या हस्ते शाल मिळाली. मी ती शाल मशीन पुसायला घेतली, तर केवढे चिडलात! मशीनचं वंगणसुद्धा त्या शालीपेक्षा स्वच्छ होतं, अप्पा.

हे पत्र धाडायला पत्ता नाही. असता तरी तुम्ही ते आधी साहेबांना दाखवलं असतंत.

तुम्ही गेलात तेव्हा छापखान्यात एक मजकूर जुळवून तयार सापडला, तुमच्याच निधनाचा: निर्भीड पत्रकार हरपला, अंत्ययात्रेला अलोट गर्दी, मागे शोकाकुल कन्या. जित्याची खोड! सरणापाशी आम्ही मोजकी माणसं होतो. साहेबांनी हारसुद्धा पाठवला नाही. मी 'निर्भीड' मोडलं, 'अलोट गर्दी' मोडली. 'शोकाकुल' मात्र मोडवेना. तेवढं एक तुम्ही आगाऊ लिहिलंत आणि खरं निघालं.